अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली : एका लहान क्लबाचे दप्तर

अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली या इंग्लिश फुटबॉल क्लबाच्या खात्यावर चषक थोडे आणि कागदपत्रे फार. म्हणून ज्याला या संस्थेचा इतिहास मन लावून लिहावयाचा आहे, त्याने मैदानावर जाण्यापूर्वी दप्तरखान्यात डोकवावे, हे श्रेयस्कर. राजीनामे, दरखास्ती, धनकोंच्या याद्या, खेळाडूंचे करारनामे आणि न्यायालयाने दिलेल्या मुदती अशी येथील सामग्री आहे, आणि गोलांनी जे ठरावे ते या क्लबाच्या बाबतीत बहुतेक वेळा टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी ठरविले, हे ती चाळताना वारंवार प्रत्ययास येते. आपल्याकडील स्मरणिकांत संस्थापकांची छायाचित्रे आणि अध्यक्षांचे मनोगत यांच्यामध्ये दडपून बसविलेल्या इतिहासात कर्जाचा उल्लेख सहसा नसतो. येथे तो टाळावयाचा म्हटले तर सांगण्याजोगे निम्मेही उरणार नाही.

अ‍ॅक्रिंग्टन हे इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशायर परगण्यातले, मँचेस्टरच्या उत्तरेस सुमारे वीस मैलांवरचे, टेकड्यांच्या कुशीत वसलेले गिरणगाव. सुतकताईच्या यंत्राने ज्याचे नाव जगभर झाले तो जेम्स हारग्रीव्ह्ज शेजारच्याच ऑस्वल्डट्विसलचा, आणि पुढे याच अ‍ॅक्रिंग्टनमधील हॉवर्ड अँड बुलो यांच्या कारखान्यातून कताईची यंत्रे देशोदेशी, हिंदुस्थानातही, रवाना होऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ नंतर कापसाची आवक तुटली तेव्हा या भागातील गिरण्या बंद पडून कामगार अन्नछत्रांच्या दाराशी उभे राहिले, आणि त्याच टंचाईने मुंबईचे कापूसबाजार रातोरात गबर झाले; पुढे मुंबईत गिरण्यांची धुराडी वाढली, स्वदेशीची चळवळ झाली आणि १९३१ साली गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे बेकार कामगारांना भेटावयास गेले, तेव्हा हे जुने देणेघेणे उलट बाजूने पुरे झाले होते. परळ-लालबागच्या माणसाला अ‍ॅक्रिंग्टनची कहाणी परकी वाटू नये, याचे कारण हे आहे. शनिवारी दुपारी दोनला गिरणी थांबली पाहिजे, असे १८५० च्या कारखाना कायद्याने ठरले, आणि तीन वाजता सामना सुरू करण्याचा इंग्लंडातील प्रघात या अर्ध्या सुटीतूनच रुळला. कायदा करणाऱ्यांच्या मनात फुटबॉल खचितच नव्हता.

येथे एका प्रचलित गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. १८८८ साली विल्यम मॅकग्रेगर यांच्या खटपटीने जगातील पहिली फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांत अ‍ॅक्रिंग्टनचे नाव होते, आणि त्यामुळे तो मान पुष्कळ लेखक स्टॅनलीच्या पदरात टाकून मोकळे होतात. वस्तुतः तो क्लब निराळा. गावच्या क्रिकेट मैदानावर खेळणारा हा जुना अ‍ॅक्रिंग्टन क्लब, पैसे घेऊन खेळणे अद्याप नियमबाह्य होते त्या काळात, खेळाडूला पैसे दिल्याच्या ठपक्यावरून फुटबॉल संघटनेतून बडतर्फही झालेला होता. पुढे १८८५ साली व्यावसायिकता मंजूर झाली आणि कालचा गुन्हा आजचा रिवाज ठरला. लीगमधील त्याचा पहिला सामना एव्हर्टनशी अ‍ॅनफील्डवर झाला, कारण ते मैदान त्या वेळी एव्हर्टनकडे होते आणि लिव्हरपूल नावाचा क्लब अजून जन्मावयाचा होता. पाच हंगामांनंतर, १८९३ मध्ये, तळाशी आलेल्या अ‍ॅक्रिंग्टनला आपली जागा राखण्यासाठी नॉटिंगहॅम येथे शेफील्ड युनायटेडशी एक निर्णायक सामना खेळावा लागला. तो एका गोलाने गेला, आणि दुसऱ्या विभागात खेळण्याची मानहानी सोसण्यापेक्षा क्लबाने लीगचाच राजीनामा दिला. तीन वर्षांत तो नामशेष झाला. मानापमानाच्या हिशेबात अन्नाला मुकण्याची ही खोड गावाच्या फुटबॉलला येथपासून जडली म्हणावे काय, असा विचार मनात येतो खरा. पण पुढच्या राजीनाम्याचे कारण मान नव्हते.

स्टॅनलीचा उगम अधिक साधा. स्टॅनली स्ट्रीटवर राहणाऱ्या तरुणांनी, त्याच भागातील स्टॅनली आर्म्स नावाच्या मद्यगृहात जमून, १८९१ च्या सुमारास स्टॅनली व्हिला नावाचा संघ उभा केला, आणि गावाचा मोठा क्लब लयास गेल्यावर रिकाम्या झालेल्या गावाच्या नावावर आपला हक्क सांगून ते अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली झाले. लँकेशायर कॉम्बिनेशन या प्रांतिक स्पर्धेत त्यांनी दोनदा अजिंक्यपद मिळविले. मग युद्ध आले. अ‍ॅक्रिंग्टन आणि आसपासच्या गावांतील शेजारीपाजारी, कामावरचे सोबती आणि भाऊ-भाऊ एकाच पलटणीत भरती झाले होते, आणि १ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर सेर या खेड्यासमोर त्यांच्यातील सुमारे सातशे वीस जण चालून गेले तेव्हा अर्ध्या तासाच्या आत ५८४ ठार, जखमी वा बेपत्ता झाले. वर्तमानपत्रांतील याद्या वाचता वाचता गल्लीच्या गल्ल्या सुतकात बुडाल्या. १९१९ मध्ये क्लबाने पील पार्क हे मैदान विकत घेतले ते अशा गावात.

१९२१ साली लीगने तिसऱ्या विभागाची उत्तर शाखा काढली आणि स्टॅनलीला तीत प्रवेश मिळाला. पहिलाच सामना रॉचडेलने ६-३ असा जिंकला. यानंतरच्या तीस वर्षांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि ओढूनताणून लिहू नये: कधी मध्यावर, कधी तळाशी, आणि तळाशी आल्यावर वार्षिक सभेत इतर क्लबांच्या मतांसाठी आर्जव. ही फेरनिवडीची पद्धत समजून घेतल्याखेरीज पुढचे आकलन होणार नाही. लीगच्या तळाशी राहिलेले क्लब आपोआप बाहेर जात नसत. त्यांना पुन्हा अर्ज करावा लागे, आणि बाहेरचे उमेदवारही त्या सभेत अर्ज घेऊन उभे असत. मते असत ती आतल्यांच्या हाती, आणि आतले बहुधा आतल्यांनाच राखीत. एकंदरीत, आत राहणे सोपे होते. एकदा बाहेर पडलेल्याला मात्र परत येण्याची वाट जवळपास नव्हती.

गावात खेळाची हौस मात्र उदंड होती, आणि उन्हाळ्यात ती क्रिकेटकडे वळे. लँकेशायर लीगमधील प्रत्येक गाव एकेका नामांकित व्यावसायिकाला बोलावून घेई; अ‍ॅक्रिंग्टनच्या शेजारच्या, चार मैलांवरच्या रिश्टन गावाने १९५० च्या दशकात आपल्या सुभाष गुप्ते यांना नेले होते, आणि त्याआधी रॉटनस्टॉलने विजय हजारे यांना. मुंबईच्या मैदानांवर वळणारा लेगब्रेक शनिवारी लँकेशायरच्या ओलसर हिरवळीवर वळत असताना, त्याच परिसरातील फुटबॉलचे शौकीन स्टॅनलीच्या भरभराटीचे दिवस पाहत होते, ही गोष्ट आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकाला मुद्दाम सांगण्यासारखी वाटते.

ते दिवस वॉल्टर गालब्रेथ या स्कॉटिश व्यवस्थापकाने आणले. १९५३ मध्ये रुजू झाल्यावर त्याने आपल्या मुलुखातील खेळाडू एवढ्या संख्येने आणले की काही सामन्यांत मैदानावर उतरलेले अकराही जण स्कॉटलंडमध्ये जन्मलेले होते. १९५४-५५ मध्ये संघ दुसरा आला, मग दोन वर्षे तिसरा, आणि १९५७-५८ मध्ये पुन्हा दुसरा. परंतु त्या विभागातून फक्त पहिल्याला बढती मिळे. चार वर्षे एखादी संस्था परगण्यातील उत्तमांत गणली जावी, आणि नियमाच्या एका कलमापायी तिच्या जमेस काहीच लागू नये, हे पाहिले म्हणजे खेळात न्याय असतो असे म्हणणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. आज त्याच कामगिरीवर एकदा तरी बढती झाली असती.

यशाने खर्चाची सवय लावली आणि यश गेले तरी सवय राहिली. १९५८ मध्ये संचालकांनी ऑल्डरशॉट येथील लष्करी कवायतींच्या प्रदर्शनासाठी उभारलेला प्रेक्षकसज्जा १,४५० पौंडांना विकत घेतला. किंमत ऐकून कोणालाही सौदा स्वस्त वाटेल, परंतु तो उकलून, इंग्लंडच्या दक्षिणेतून उत्तरेत आणून पील पार्कवर पुन्हा उभा करण्यात त्याच्या कित्येक पट रक्कम गेली. ज्या क्लबाला होत्या त्या जागा भरताना मारामार, त्याने आणखी खुर्च्यांसाठी कर्ज काढावे, याला दूरदृष्टी म्हणावे की हौस, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते ती हौस होती. इकडे गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, पाच-सहा मैलांवरचा बर्नली क्लब १९६० मध्ये देशाचा अजिंक्य ठरला होता, दुसऱ्या बाजूस ब्लॅकबर्न रोव्हर्स होता, आणि शनिवारी ज्याच्या खिशात चार शिलिंग होते तो बसमध्ये बसून तिकडे जाई. खेळाडूंच्या आठवडी पगारावरील वीस पौंडांची कमाल मर्यादा १९६१ मध्ये उठली. त्याआधीच, १९६० मध्ये, स्टॅनली चौथ्या विभागात घसरला होता.

१९६२ च्या आरंभी देणे साठ हजार पौंडांच्या घरात गेले. दुसऱ्या क्लबांकडून घेतलेल्या खेळाडूंचे हप्ते थकले होते, करवसुलीचे तगादे होते, आणि संचालकांनी आधारासाठी ज्याच्याकडे पाहिले तो माणूस म्हणजे बर्नलीचा अध्यक्ष बॉब लॉर्ड: धंद्याने खाटीक, स्वभावाने हुकूमशहा आणि व्यवहारात यशस्वी. धनकोंची सभा झाली, हिशेब मांडला गेला, आणि लॉर्डने सल्ला दिला की आता काही उरलेले नाही, मोकळे व्हा. २४ फेब्रुवारीस पील पार्कवर रॉचडेलकडून २-० अशी हार झाली होती. २ मार्चला क्रू येथे ४-० अशी झाली. मग राजीनाम्याचे पत्र लीगच्या कचेरीकडे रवाना झाले. ते गेले, आणि गावात निराळीच हालचाल सुरू झाली: कोणी पैसे देऊ केले, कोणी जामीन राहण्यास पुढे आला, आणि काही दिवसांतच संचालकांनी दुसरे पत्र लिहून पहिले परत मागितले. लीगचे सचिव अ‍ॅलन हार्डेकर नियमाचे पक्के होते. राजीनामा दाखल झाला होता, तो मंजूर समजण्यात आला, आणि विनंती नामंजूर झाली.

या निर्णयावर आजही दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो की साठ हजारांचे देणे डोक्यावर असलेला क्लब आणखी एक हंगाम जगला असता, दोन नव्हेत. दुसरा पक्ष म्हणतो की ज्या पत्रावर शाई वाळली नव्हती ते परत न देण्यात लीगचे कोणते हित होते, ते कोणी सांगावे. मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक पटते, कारण कर्ज फेडण्याची मुदत धनकोही देतो. येथे तर ती मागणाऱ्याशी लीगचे पैशाचे देणेघेणेच नव्हते. त्या हंगामात खेळलेले ३३ सामने नोंदींतून खोडण्यात आले, म्हणजे जे गोल झाले ते झालेच नाहीत आणि प्रतिस्पर्ध्यांनी मिळविलेले गुणही गेले. रिकाम्या जागी ऑक्सफर्ड युनायटेड निवडून आला.

स्टॅनली लँकेशायर कॉम्बिनेशनमध्ये परतला खरा, परंतु कर्जाचे ओझे उतरले नव्हते, आणि १९६६ मध्ये क्लब बरखास्त झाला. पील पार्कच्या जागेवर पुढे शाळेची मुले खेळू लागली. नाव मात्र गेले नाही. इंग्लंडात एखाद्या फुटकळ फुटबॉल संघाचा उपहास करावयाचा तर अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली म्हणावे, असा प्रघात पडला, आणि १९८९ च्या सुमारास दूध पिण्याची महती सांगणाऱ्या दूरदर्शनवरील एका जाहिरातीने तो घराघरांत नेला: दूध न प्याल्यास तू फार तर अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनलीकडून खेळशील, असे लिव्हरपूलच्या इयन रशने बजावल्याचे एक पोरगा दुसऱ्याला सांगतो, आणि दुसऱ्याला त्या नावाचा पत्ताच नसतो. विनोद चांगला होता. ज्याची टिंगल झाली त्या क्लबाला त्यातून जी प्रसिद्धी लाभली, ती कोणत्याही जाहिरातदाराला पैसे देऊन मिळाली नसती.

कारण तोवर क्लब पुन्हा उभा राहिलेला होता. १९६८ मध्ये बोल्ड स्ट्रीटवरील कामगारांच्या क्लबगृहात सभा भरून पुनरुज्जीवनाचा ठराव झाला, आणि १९७० मध्ये क्राउन ग्राउंड या नव्या मैदानावर, लँकेशायर कॉम्बिनेशनमधून, खेळास आरंभ झाला. मैदान म्हणजे रस्त्याकडेच्या क्राउन नावाच्या मद्यगृहामागचे उतरते कुरण. कायद्याच्या दृष्टीने ही नवी संस्था. जुन्या क्लबाचे देणे हिच्या माथी नव्हते आणि जुन्या क्लबाचा लीगमधील हक्कही हिच्याकडे आला नव्हता. लोकांनी हा भेद कधी मानला नाही. १९८७ मध्ये नियम पालटला: बिगर-लीग क्लबांच्या शिरोभागी येणाऱ्यास, मैदानाची व जमाखर्चाची छाननी पार पडल्यास, लीगमध्ये थेट प्रवेश मिळू लागला, आणि सभेतील आर्जवांचा काळ संपला. ज्या दारातून स्टॅनली बाहेर पडला होता ते पंचवीस वर्षांनी आतून उघडले गेले.

तेथवर पोहोचण्यास मात्र आणखी एकोणीस वर्षे लागली. एरिक व्हॅली १९९५ मध्ये कारभारी झाले. १९९७ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत ब्रेट ऑर्मेरॉड हा आघाडीचा खेळाडू ब्लॅकपूलला ५०,००० पौंडांना दिला गेला, आणि करारनाम्यात एक कलम घातले गेले की ब्लॅकपूलने त्यास पुढे विकल्यास त्या रकमेतील हिस्सा अ‍ॅक्रिंग्टनला मिळावा. २००१ मध्ये साउदॅम्प्टनने ऑर्मेरॉडसाठी साडेसतरा लाख पौंड मोजले, आणि क्राउन ग्राउंडच्या तिजोरीत तिने आजवर पाहिली नव्हती एवढी रक्कम जमा झाली. तिच्या बळावर क्लब खेळाडूंना पूर्णवेळ पगार देण्याच्या दिशेने सरकू शकला. एका कलमाची ही करामत पाहता, ज्या गावाला एका पत्राने बुडविले त्याने निदान कागद कसा लिहावा हे शिकून घेतले होते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

मैदानावरील काम जॉन कोलमन आणि त्याचा सहकारी जिमी बेल यांनी केले. बिगर-लीग मैदानांवर गोलांचा सपाटा लावून निवृत्त झालेला कोलमन हा लिव्हरपूलचा गडी १९९९ मध्ये आला, आणि पहिल्याच हंगामात बढती, २००३ मध्ये दुसरी, अशी पायरी चढत १५ एप्रिल २००६ रोजी वोकिंग येथे १-० ने जिंकून त्याने संघास लीगमध्ये नेले. चव्वेचाळीस वर्षांनी! आणि त्या वर्षी लीगमधून खाली घसरलेल्या क्लबांत एक होता ऑक्सफर्ड युनायटेड. कादंबरीकाराने असा योग जुळवला असता तर वाचकाने पुस्तक मिटून ठेवले असते.

लीगमध्ये आल्याने दारिद्र्य सरले नाही. २००९ मध्ये सुमारे तीन लाख पौंडांच्या थकीत करापायी सरकारने क्लब गुंडाळण्याचा अर्ज न्यायालयात केला. पाठीराखे डबे घेऊन सामन्यांना उभे राहिले, परगावच्या प्रेक्षकांनीही त्यांत नाणी टाकली, आणि शेवटी इलियास खान यांनी उरलेली रक्कम भरून मुदतीच्या आत तगादा मिटविला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात याच गिरण्यांच्या रात्रपाळीसाठी आलेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांचा जो मोठा समाज या परगण्यात नांदतो, त्यातील एकाने त्या वेळी क्लबाची इभ्रत राखली, याची नोंद व्हावयास हवी.

२०१५ मध्ये प्लास्टिकच्या घरगुती वस्तूंच्या उद्योगातून आलेले अँडी होल्ट मालक झाले. पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी गोलशून्य बरोबरी झाली, ब्रिस्टल रोव्हर्सने आपल्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत गोल केला, आणि केवळ गोलफरकावर बढती हुकली. सामना जिंकल्यावर खेळाडूंना बर्गर-पिझ्झा खाण्यासाठी होल्ट दोनशे पौंड देत. करारनाम्यात नसलेले हे इनाम नियमबाह्य आहे, अशी हरकत लीगने घेतली. खेळाडूला पैसे दिल्यावरून जुन्या अ‍ॅक्रिंग्टनला बडतर्फ करणाऱ्यांच्या वंशजांना हे शोभून दिसले. २०१७-१८ मध्ये बिली की याच्या गोलांच्या जोरावर, विभागातील अत्यंत तुटपुंज्या पगारपत्रकांपैकी एकावर, स्टॅनली ९३ गुण घेऊन चौथ्या श्रेणीत पहिला आला आणि तिसऱ्या श्रेणीत गेला. २०२०-२१ मधील अकरावा क्रमांक हा नव्या संस्थेचा आजवरचा उच्चांक.

२०२३ मध्ये पुन्हा घसरण झाली. मध्यंतरी अडीच वर्षे इतरत्र जाऊन आलेल्या कोलमनची दोन खेपांची कारकीर्द मार्च २०२४ मध्ये संपविण्यात आली, आणि गावात त्याबद्दल बरीच कुरबूर झाली, ती अस्थानी नव्हती. जॉन डूलन यांनी सूत्रे घेतल्यावर जानेवारी २०२५ मध्ये एफ. ए. चषकासाठी संघ अ‍ॅनफील्डवर उतरला आणि लिव्हरपूलकडून ४-० असा हरला. त्या हंगामात लीगमधील जागा राखताना शेवटच्या आठवड्यांपर्यंत घोर लागून राहिला, पण खाली गेलेल्या दोन क्लबांत स्टॅनली नव्हता.